पोटॅशियमची वाहिनी की दारं?

अनुजा_नाशिक: सस्तन प्राण्यांच्या मेंदूवरचा एक लेख मराठीत करतेय. 'पोटॅशियम चॅनेल'ला 'पोटॅशियम वाहिनी' लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, 'ही कुठून कुठे जाते?' रक्तवाहिनीसारखी नळी वाटली त्यांना! हे तर पेशीच्या पटलात आरपार बसलेलं प्रथिन, मधे भोक. दुसरा शब्द आहे का? शीर्षकात 'जनुकीय विविधता'ही आहे.

मास्तर: वाहते ती वाहिनी. लांबीची अट कोणी घातली?

बांधावरचा: पाटाचं पाणी वाफ्यात सोडतात त्याला आम्ही दारं धरणं म्हणतो. फावडंभर माती ओढली की उघडलं, लोटली की बंद. 'दारं'च म्हणा. आणि पोटॅशियम कशाला, पालाश आहे की! नत्र, स्फुरद, पालाश.

अनुजा_नाशिक: दारं झकास. पण काही विजेच्या दाबानं उघडतात, काही कॅल्शियमनं, काही जवळपास उघडीच असतात. त्यांनाही दारंच?

बांधावरचा: आमच्या गोठ्याचं तसंच आहे.

मास्तर: पालाश पळसावरून. पलाशक्षार आयुर्वेदात आहे.

निळी_शाई: ओढूनताणून! 'पोटॅश'शी जुळणारा आवाज शोधून बसवलेला शब्द आहे तो. मेंदूत पालाश लिहिलंत तर वाचक युरियाची गोणी शोधेल.

मास्तर: रक्ताच्या रिपोर्टात युरिया असतो, तेव्हा कोण गोणी शोधतं?

सूक्ष्मदर्शी: खरी अडचण 'विविधता'त आहे. 'जनुकीय विविधता' म्हटलं की भाताचे वाण आठवतात, म्हणजे एकाच जातीच्या जिवांमधला फरक. इथं एकाच प्राण्यात जनुकंच ढीगभर. माणसात पोटॅशियम चॅनेलची ७० हून अधिक, त्यांतली बरीच मेंदूत चालू. केव्ही, म्हणजे विजेच्या दाबानं उघडणाऱ्यांच्या, घराण्यात प्रथिनाचे चार तुकडे जुळून एक चॅनेल होतो. केव्ही १.१ आणि १.२ चे तुकडे एकत्र बसले की तिसऱ्याच स्वभावाचा. शिवाय सगळे एकमेकांची जागा घेत नाहीत. केव्ही १.१ च्या जनुकात दोष असला तर माणसाचा तोल मधूनमधून जातो. मी 'जनुकांची बहुविधता' लिहीन. या कुळातलं पहिलं जनुक १९८७ मध्ये फळमाशीत हाती लागलं. ईथर दिलं की पाय थरथरवणाऱ्या माशा, म्हणून नाव 'शेकर'.

बांधावरचा: भीमाशंकरचं शेकरू त्यातलंच का?

निळी_शाई: झालं! आता खारीची व्युत्पत्ती.

मास्तर: का नको? शेकरू राज्यप्राणी आहे.

अनुजा_नाशिक: संपादकांचा फोन आला. 'वाहिनी' चालेल म्हणतात, पण 'भोक' असभ्य वाटतं.

मास्तर: 'छिद्र' करा.

बांधावरचा: छिद्र म्हटलं की गळतीच आठवते.

सूक्ष्मदर्शी: त्या जवळपास उघड्या असणाऱ्यांना इंग्रजीतही गळकेच म्हणतात.