मदत हवी आहे : टॅकरमध्ये अडकलेली व्हीएनएफ आणि होरायझनमधून पुसले गेलेले व्हीएम

नमस्कार.

मी सोलापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नेटवर्किंगची प्रयोगशाळा सांभाळते. आमच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पातील एक व्हीएनएफ, म्हणजे सॉफ्टवेअर म्हणून चालणारे नेटवर्क उपकरण, गेल्या आठवड्यापासून अशी अडकून पडली आहे की तिला पुढे नेता येत नाही आणि मागेही आणता येत नाही. ओपनस्टॅकवर (सर्व्हरवर व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, चालवणारी क्लाउड प्रणाली) टॅकर (व्हीएनएफ सांभाळणारी तिची सेवा) वापरणाऱ्या कुणी ही परिस्थिती हाताळली असेल, तर कृपया मार्गदर्शन करावे. प्रश्न नीट कळावा म्हणून घडलेले सारे क्रमाने लिहीत आहे.

प्रकल्पाची कल्पना विद्यार्थ्यांचीच आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेल आणि चादरींचे कारखाने आहेत, आणि या मुलांपैकी दोघांच्या घरचे लोक तिथेच कामाला आहेत. एखाद्या कारखान्याचे कार्यालय शहरात, माग वसाहतीत आणि गोदाम चिंचोळीला असेल, तर तिन्ही ठिकाणी फायरवॉलचे वेगळे खोके बसवण्याऐवजी एकाच ठिकाणच्या सर्व्हरवर फायरवॉल व्हीएनएफ म्हणून चालवावी आणि भार वाढला की तिच्या प्रती वाढवाव्यात, असे त्यांनी ठरवले. मला ही कल्पना मनापासून आवडली, कारण मुलांनी ती पुस्तकातून उचललेली नाही.

विषय नवा असलेल्या वाचकांसाठी थोडे सांगते. राउटर, फायरवॉल यांसारखी जी कामे पूर्वी स्वतंत्र उपकरणे करत, ती साध्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर म्हणून चालवावीत, हा विचार दूरसंचार कंपन्यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये डार्मस्टाट येथील परिषदेत एका श्वेतपत्रिकेद्वारे मांडला. त्यानंतर ईटीएसआय या युरोपीय मानक संस्थेने या कामासाठी गट स्थापन केला आणि डिसेंबर २०१४ मध्ये व्यवस्थापनाची चौकट प्रसिद्ध केली. त्या चौकटीत तीन जबाबदाऱ्या वेगळ्या केलेल्या आहेत. संपूर्ण सेवेची जुळवाजुळव एनएफव्हीओ करतो, एकेका व्हीएनएफचे उभारणीपासून विसर्जनापर्यंतचे आयुष्य व्हीएनएफएम सांभाळतो, आणि प्रत्यक्ष व्हीएम, नेटवर्क व साठवण व्हीआयएम पुरवतो. आमच्याकडे व्हीआयएम म्हणजे ओपनस्टॅक आणि व्हीएनएफएम म्हणजे टॅकर. ओनॅप या मोठ्या व्यवस्थापन प्रणालीचाही विचार केला होता, पण आमच्या तीन सर्व्हरना त्याचा पसारा पेलणारा नव्हता.

आमच्या तीन सर्व्हरपैकी एक नियंत्रणासाठी आहे आणि दोन कॉम्प्युटसाठी. व्हीएनएफचे वर्णन टोस्का या वर्णनभाषेत लिहिले आहे, सोबत हीटचे (टेम्प्लेटप्रमाणे व्हीएम, नेटवर्क इत्यादी उभारणारी ओपनस्टॅकची सेवा) टेम्प्लेट आहे, आणि हे सर्व सीएसएआर या झिप पॅकेजमध्ये बांधून चढवले आहे. पॅकेज ऑनबोर्डेड झाले, म्हणजे टॅकरने स्वीकारले, व्हीएनएफची ओळख तयार झाली, उभारणीही पहिल्या प्रयत्नात पार पडली. फायरवॉलचा एक व्हीएम आणि लॉग साठवणारा दुसरा व्हीएम, असे दोन घटक व्यवस्थित चालू होते.

अडचण एप्रिलमधील एका संध्याकाळी सुरू झाली. मुले फायरवॉलच्या प्रती एकावरून दोनवर नेण्याची चाचणी घेत असताना वीज गेली. नियंत्रणाचा सर्व्हर यूपीएसवर तग धरून राहिला. पण एका कॉम्प्युट सर्व्हरची जोडणी यूपीएसवर नव्हती, हे आम्हाला त्या क्षणीच कळले, आणि ती चूक माझी आहे. विस्ताराची क्रिया अर्ध्यावर तुटली आणि टॅकरमध्ये तिची नोंद ‘फेल्ड टेम्प’ (तात्पुरती अपयशी) अशी झाली. वीज परत आल्यावर होरायझनमध्ये, म्हणजे ओपनस्टॅकच्या वेब पडद्यावर, फायरवॉलचा जुना व्हीएम ‘शटऑफ’ आणि नवा ‘एरर’ दिसत होता. एका विद्यार्थ्याने दोन्ही निकामी झाले असे समजून, चांगल्या हेतूनेच, दोन्ही होरायझनमधून पुसून टाकले, म्हणजे टॅकर ते पुन्हा उभारील अशी त्याची अपेक्षा होती.

तसे झाले नाही. टॅकरच्या मते व्हीएनएफ अजूनही उभारलेल्या अवस्थेत आहे. ‘हील’ (दुरुस्ती) करायला सांगितले की ४०९ (सध्याच्या अवस्थेशी विनंती जुळत नाही) ही त्रुटी येते, विसर्जन करायला सांगितले तरी ४०९ येते, आणि पॅकेज वापरात असल्यामुळे तेही काढता येत नाही. टॅकरच्या सेवा दोन वेळा बंद करून सुरू केल्या, फरक पडला नाही. सगळे पुसून नव्याने उभारणे हा मार्ग आहेच, परंतु विद्यार्थ्यांना मी तो शिकवू इच्छित नाही, कारण खऱ्या ग्राहकाची फायरवॉल अशी अडकली तर तेव्हा ते काय करतील?

माझे प्रश्न असे आहेत. ‘फेल्ड टेम्प’मधून बाहेर पडण्याची रीतसर वाट कोणती? ज्या व्हीएमबद्दल मागे फिरायचे तेच पुसले गेले असतील, तर रोलबॅक चालेल का? आणि हील झाल्यावर फायरवॉलचे नियम परत येतील का? ते नियम मुलांनी व्हीएममध्ये शिरून हाताने लिहिले होते.

प्रतिसाद १

आमच्याकडे असे झाले होते तेव्हा आम्ही टॅकरच्या डेटाबेसमध्ये शिरून त्या क्रियेची अवस्था ‘कम्प्लीटेड’ केली होती. त्यानंतर विसर्जनाची आज्ञा चालली. झटपट सुटका हवी असेल तर हा उपाय आहे, पण आधी डेटाबेसची प्रत काढून ठेवा.

प्रतिसाद २

नमस्कार मॅडम. वरील प्रतिसादातील उपाय कृपया करू नका. विस्तार पूर्ण झाला असे डेटाबेसमध्ये लिहिले, तर टॅकर दोन प्रती आहेत असे धरून चालेल, हीटचे त्याहून वेगळे म्हणणे असेल आणि नोव्हाकडे (व्हीएम चालवणारी ओपनस्टॅकची सेवा) फायरवॉलचा एकही व्हीएम नसेल. आज दोन ठिकाणी न जुळणारा हिशेब उद्या तीन ठिकाणी जुळणार नाही.

४०९ ही त्रुटी इथे बिघाड दाखवत नाही. टॅकर मानकाप्रमाणेच वागतो आहे. एखाद्या व्हीएनएफवरील क्रिया ‘फेल्ड टेम्प’मध्ये थांबलेली असेपर्यंत तिच्यावर दुसरी कोणतीही क्रिया स्वीकारायची नाही, असा नियम आहे. आधी त्या थांबलेल्या क्रियेचा निकाल तुम्ही लावायचा. त्यासाठी तीन आज्ञा आहेत: रिट्राय, रोलबॅक आणि फेल. रिट्राय तीच क्रिया पुन्हा चालवते. मूळ कारण दूर झाले असेल, तेव्हा ती वापरावी. रोलबॅक क्रियेपूर्वीच्या स्थितीकडे नेते, पण ती प्रत्येक क्रियेला लागू नसते. उभारणी आणि प्रती वाढवणे यांना ती चालते, त्यामुळे तुमच्या बाबतीत उपलब्ध आहे. फेल केले की नोंद कायमची ‘फेल्ड’ म्हणून बंद होते, तिथून परत रिट्राय करता येत नाही, आणि अर्धवट राहिलेल्या वस्तू तशाच पडून राहतात. म्हणून फेल शेवटी.

तुम्ही रोलबॅक करा, पण त्याआधी हीटमध्ये त्या स्टॅकची (टेम्प्लेटमधून उभारलेल्या वस्तूंच्या संचाची) अवस्था पाहा. ती ‘अपडेट इन प्रोग्रेस’ दिसत असेल, तर हीटचे इंजिन पुन्हा सुरू करा; मध्येच तुटलेले स्टॅक सुरू होताना ते स्वतःच अपयशी म्हणून नोंदवते आणि मग पुढची क्रिया स्वीकारते. दुसरा कॉम्प्युट सर्व्हर नोव्हाच्या यादीत चालू दिसतो आहे, याचीही खात्री करा.

अर्धवट तयार झालेला व्हीएम आधीच पुसला गेला आहे, याची चिंता नको. हीट एखादी वस्तू काढायला गेले आणि ती जागेवर नसेल, तर काढली गेली असेच ते मानते. खरा प्रश्न जुन्या, चांगल्या व्हीएमचा आहे. रोलबॅक त्याला हात लावणार नाही, कारण हीटच्या वहीत तो अजून जिवंत आहे. तो हीलने परत येईल. हील करताना फक्त फायरवॉलच्या घटकाची ओळख द्या, म्हणजे लॉगच्या व्हीएमला धक्का लागणार नाही. ही ओळख नोव्हाच्या यादीतून न घेता टॅकरमधील त्या व्हीएनएफच्या तपशिलातून उचला. टॅकर हीटमधील तेवढी वस्तू नादुरुस्त म्हणून खूण करून स्टॅक अद्ययावत करतो, आणि हीट तिच्या जागी नवी उभारते. टेम्प्लेटमध्ये पोर्ट (व्हीएमची नेटवर्क जोडणी) स्वतंत्र वस्तू म्हणून लिहिलेला असेल, तर आयपी पत्ताही तोच मिळेल.

नियम मात्र परत येणार नाहीत. हीलने मिळणारा व्हीएम मूळ इमेजपासून बनतो; जे इमेजमध्ये नाही आणि पॅकेजमध्येही नाही, ते त्याला माहीतच नसते. आयुष्यचक्राचे व्यवस्थापन करायचे ठरवले की व्हीएममध्ये शिरून केलेला प्रत्येक बदल उसना समजावा लागतो. नियम क्लाउड-इनिटच्या यूजर डेटात (व्हीएम पहिल्यांदा सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सूचनांत) ठेवा, किंवा टॅकरच्या व्यवस्थापन ड्रायव्हरमध्ये उभारणी, प्रती वाढवणे आणि हील संपल्यावर चालणारा भाग लिहून तिथून नियम भरा. फायरवॉलसाठी मी दुसरा मार्ग पसंत करीन, कारण प्रती वाढल्या की नव्या प्रतीतही तेच नियम जायला हवेत.

आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगा. कॉम्प्युट सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की नोव्हा त्यावरील व्हीएम आपोआप चालू करत नाही. तशी मांडणी वेगळी करावी लागते. ‘शटऑफ’ दिसणारा तो जुना व्हीएम बहुधा धडधाकट होता. त्याला फक्त चालू करायचे होते.

धागाकर्तीचे उत्तर

आपण इतक्या बारकाईने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांचेही आभार. त्यांनी सांगितलेला उपाय केला नाही, पण तो का करू नये हे त्यामुळेच समजले.

काल दुपारी विद्यार्थ्यांना सोबत बसवून सगळे केले. हीटमधील स्टॅक ‘अपडेट फेल्ड’ होता, म्हणून इंजिनाला हात लावावा लागला नाही. रोलबॅकची आज्ञा दिल्यावर सुमारे दीड मिनिटाने नोंद ‘रोल्ड बॅक’ झाली आणि त्यासरशी ४०९ थांबले. मग फायरवॉलच्या घटकाची ओळख देऊन हील केले. नवा व्हीएम त्याच पत्त्यावर उभा राहिला, लॉगचा व्हीएम अखंड चालू राहिला, आणि आपण म्हणालात तसे फायरवॉलमध्ये एकही नियम नव्हता. ज्या विद्यार्थ्याने व्हीएम पुसले होते, त्यालाच मी दोन्ही आज्ञा द्यायला लावल्या. ‘शटऑफ’चा अर्थ कळल्यावर तो बराच वेळ गप्प होता, नंतर त्यानेच नोव्हाच्या मांडणीत व्हीएम आपोआप सुरू करणारा पर्याय शोधून चालू केला आणि सर्व्हर मुद्दाम बंद करून तो तपासून पाहिला.

मी दोन बदल केले आहेत. दुसरा कॉम्प्युट सर्व्हर यूपीएसवर घेतला, आणि विद्यार्थ्यांच्या होरायझन खात्यांना त्या प्रोजेक्टमध्ये केवळ वाचण्याची भूमिका ठेवली. आता त्यांना सर्व काही दिसते, पण काही करायचे तर टॅकरकडूनच करावे लागते.

एक प्रश्न उरला आहे. नियम भरणारा ड्रायव्हर आम्ही नव्या पॅकेजमध्ये घालत आहोत. चालू व्हीएनएफ विसर्जित न करता तिला नव्या पॅकेजवर नेता येते का? प्रकल्पाची तोंडी परीक्षा मे महिन्यात आहे आणि परीक्षकांसमोर हे चालत्या फायरवॉलवर दाखवता आले, तर मुलांच्या कष्टांचे चीज होईल.

प्रतिसाद ३ (प्रतिसाद २ लिहिणाऱ्याकडून)

नेता येते. चालू पॅकेज बदलण्याची क्रिया ईटीएसआयच्या मानकात आहे, आणि टॅकरच्या दुसऱ्या आवृत्तीच्या एपीआयमध्ये ती घटक एकामागून एक बदलत नेण्याच्या पद्धतीने चालते. नव्या पॅकेजमधील व्हीएनएफडीची (व्हीएनएफच्या वर्णनाची) ओळख जुन्यापेक्षा वेगळी ठेवा, नवे पॅकेज आधी ऑनबोर्ड करून घ्या, आणि जुने लगेच काढू नका.

फायरवॉलची एकच प्रत असेल तर बदलाच्या वेळी सेवा खंडित होईल. म्हणून आधी प्रती दोनवर न्या, आणि मगच पॅकेज बदला. ज्या क्रियेत मुले अडकली होती, ती त्या निमित्ताने पुन्हा एकदा पुरी करून पाहता येईल.