आठवड्यातून एकदाच पाणी, जास्वंद छाटू का?

बार्शीत अंगणात जमिनीतच लावलेली, चार-पाच वर्षांची झाडं आहेत. माती काळी, भेगाळलेली. बोअर आटलाय, टँकर आठवड्याने येतो. बागेच्या वाट्याला जेमतेम 40 लिटर, तेही भाज्या धुतलेलं पाणी धरून.

बोगनवेल आणि कण्हेर मजेत आहेत, त्यांचं पाणी बंदच केलंय. जास्वंदाची पानं मात्र पिवळी पडून गळताहेत. बुंध्याशी उसाच्या पाचटाचं चार बोटं आच्छादन आहे, दुपारी हिरवी जाळी लावतो. शेजारी मडकं पुरलंय, पण ते दोन दिवसांत रिकामं (भेगांतून जात असावं). खत दिलेलं नाही. कीड दिसत नाही.

पानं गाळून झाड पाणी वाचवतंय, एवढं कळतं. मग आत्ता, मे महिन्यात, जास्वंद निम्म्यावर छाटला तर पाण्याची गरज कमी होईल, की नवी पालवी फुटून उलट वाढेल?