‘आधी भाकरी थापा, मग थाई करी’ म्हणणाऱ्या काकांसाठी

पांझराकाठ (धुळे)
काल इथे एका काकांनी लिहिलं, ‘ज्यांना ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता येत नाही, त्यांनी घरात परदेशी पदार्थांची थेरं करू नयेत.’ वाचल्यापासून डोक्यात बसलंय. मला भाकरी थापता येते, काका. आणि मागच्या महिन्यात मी किसरा केला. सुदानमध्ये ज्वारीचं पीठ आंबवून तव्यावर कागदासारखं पातळ पसरतात, तो. घरात दादर ज्वारीचं पीठ होतंच. त्यात चमचाभर आंबट ताक घातलं. धुळ्याच्या उन्हाळ्यात बाकी काही करावं लागत नाही. पहिले चार तव्याला चिकटले, पाचवा सुटला. सासूबाईंनी तुकडा मोडला, म्हणाल्या, ‘माय वं, हे तर आंबेल धिरडं!’ आणि तीन खाल्ले. ज्वारी मूळची आफ्रिकेतलीच. म्हणजे मी भाकरीच्या माहेरी जाऊन आले. यात थेरं कुठली?

तापीकाठचा म्हातारा
‘थेरं’ मीच लिहिलं, मागे घेत नाही. तुमचा किसरा वेगळा, त्याला बाजारातून काही आणावं लागलं नाही. आमचे चिरंजीव थंडीत पुण्याहून आले, सोबत परदेशी सॉसच्या सहा बाटल्या. एकेक चमचा वापरला, तेव्हापासून त्या फ्रिजच्या दारात उभ्या आहेत. तेही सोसलं. पण बामणोदची दोन किलो भरताची वांगी त्याने गॅसवर भाजली, तिळाची चटणी न लिंबू घालून घोटली आणि म्हणे बाबा गनूश, अरबांचं भरीत. २०१६ साली ज्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची ही गत. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं सोडून गॅसवर!

भुसावळ_लोको
काका, तिसऱ्या मजल्यावर कपाशीच्या काड्या पेटवू का? सोसायटीवाले बंब बोलावतील. आम्ही गॅसवरच भाजतो, टोमॅटोही घालतो, पोरं ताट चाटतात.

यावलकर
टोमॅटो?? भरतात??

भुसावळ_लोको
हो. भरतात.

यावलकर
मग त्याला भरीत म्हणू नका भो. वांग्याची भाजी म्हणा. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, तेल. संपलं. आमच्या मळ्यात शंभर माणसांचं भरीत होतं, लाकडी बडगीने ठेचतात, आजवर एक टोमॅटो शिवारात शिरला नाही.

शिरपूरची लेक
मग मिरची न शेंगदाणेही काढा! दोन्ही अमेरिकेतून आलेत, पोर्तुगीजांच्या जहाजांच्या काळात. त्याआधी तुमचे पणजोबा भरतात काय ठेचत होते? वांगं तेवढं आपल्या बाजूचं, तेच पुढे अरबांकडे गेलं. म्हणजे काकांच्या चिरंजीवांनी ते घरी परत आणलं.

यावलकर
मिरचीला चारशे वर्षं झाली, ती गावची झाली. टोमॅटोला अजून रहिवासी दाखला मिळायचाय.

चोपड्याची वहिनी
सगळे पुरुष टोमॅटोवर तुटून पडलेत. भांडी कोण घासतं ते कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे ‘हे’ दर रविवारी नवं काहीतरी करतात. मागच्या खेपेला पास्ता. ओट्यावर मैदा, चार पातेली, किसणी, झारा, आणि वर ‘कसं झालंय?’ बरं झालं होतं, नाही म्हणत नाही. पण मी रोज दोन वेळा रांधते, मला कुणी विचारत नाही कसं झालंय. शंभर माणसांच्या भरतातही वांगी सोलायला बायाच बसतात ना, यावलकर?

यावलकर
ठेचतो आम्ही.

चोपड्याची वहिनी
ठेचायला दहा मिनिटं लागतात.

तापीकाठचा म्हातारा
वहिनी, तो मुद्दा बरोबर आहे, पण माझा नव्हता. आणि शिरपूरच्या ताई, तुम्ही वकील आहात का? बरं, पांझराकाठ, ते पीठ किती तास ठेवलं होतं? सौ. विचारतेय. मला काही खायचं नाहीये.

पांझराकाठ (धुळे)
रात्रभर, काका. सकाळी आंबूस वास आला की लावायचा. पीठ डोशापेक्षा पातळ हवं. काकूंना सांगा, पहिले चार गाईला.