घर तारण ठेवून ‘परदेशस्थ मुस्लिमां’वर एम.ए.?

होटगीरोडकर
ओळखीतल्या एका मुलीला लंडनला एम.ए.ला प्रवेश मिळालाय. विषय, परदेशात स्थायिक झालेले मुस्लिम समाज. वडिलांचं जोडभावी पेठेत छोटं दुकान, त्यांनी घर तारण ठेवून कर्ज उचललंय. पोरगी हुशार आहे, वाद नाही. पण एवढ्या पैशात एम.बी.ए. झालं असतं. असले विषय गोऱ्यांना हवे असतात, कुणावर नजर ठेवायची ते कळावं म्हणून. परत येऊन ती सोलापुरात करणार काय? मत सांगा, उगाच अंगावर येऊ नका.

विजापूरवेस
अंगावर येणारच. घर तारण का ठेवावं लागलं ते आधी बघा. अल्पसंख्याक पोरांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना केंद्रानं 2022-23 पासून बंद केली. एम.फिल., पीएच.डी.वाल्यांची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी गेली. ती काही एकट्या मुसलमानांची नव्हती. बौद्ध, जैन, ख्रिश्चन, शीख, पारशी सगळे त्यात होते. तेव्हा तुमचा धागा कुठं दिसला नाही.

आता विषय. 1960 च्या दशकात पाकव्याप्त काश्मीरात मंगला धरणात मीरपूरकडची गावं बुडाली, लाखभर माणसं उठली. त्यातली कितीतरी इंग्लंडात ब्रॅडफर्डला लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळीला लागली, कारण गोऱ्या कामगाराला रात्रपाळी नको होती. पुढं गिरण्या बसल्या, माणसं तिथंच राहिली. कुणी टॅक्सी धरली, कुणी खानावळ टाकली. उजनीत गाव गेलेली माणसं तुम्ही पाहिली नाहीत? लक्ष्मी-विष्णू गिरणी बंद पडल्यावर रिक्षा घेतलेले तुमच्या गल्लीत नाहीत? सोलापूरच्या पोरीला हे वाचताना जे दिसेल ते केंब्रिजच्या पोराला दिसणार नाही. एम.बी.ए. करून चादरीच विकायच्या ना? त्या पानिपतवाले स्वस्तात विकतायत.

भवानीपेठकट्टा
नजर ठेवायचं म्हणणं मात्र अगदीच हवेतलं नाही. 2005 च्या लंडन स्फोटांनंतर दोन वर्षांत ब्रिटिश सरकारनं इस्लामचा अभ्यास हा ‘धोरणात्मक महत्त्वाचा’ विषय ठरवला. 2015 च्या कायद्यानं तर कुणी विद्यार्थी दहशतवादाकडं झुकतोय का हे बघायचं काम विद्यापीठांच्याच गळ्यात मारलं. पोरगी अभ्यास करायला जाणार आणि वर्गात तिच्यावरच लक्ष. भारीच की.

दम्मामरिटर्न
लंडनवाल्यांना कधी ना कधी पासपोर्ट तरी मिळतो. आम्ही सौदीत उमर घालवली तरी इकामा, म्हणजे राहायचा परवाना, कफीलच्या, म्हणजे नोकरीवर ठेवणाऱ्या मालकाच्या हातात. जुलै 2017 ला फॅमिलीवर फी बसवली, माणशी महिना 100 रियाल, दर वर्षी 100 नं वाढत 2020 ला 400. बायको आणि तीन पोरं, हिशोब करा. 1600 रियाल, नुसतं राहायचे! पाठवून दिलं सगळ्यांना इकडं. धाकट्याला सातवीत बसवला तर मराठी जोडाक्षर वाचता येईना, पोरं त्याला ‘ए दुबई’ म्हणायची. दम्माम, दम्माम सांगून थकला बिचारा, शेवटी दुबईला ओ द्यायला लागला. यावर कुणी एम.ए. करत असेल तर चहापाण्यासकट माहिती देतो.

होटगीरोडकर
तेच म्हणतोय की! इथंच करा मग. दम्मामचा अभ्यास लंडनला जाऊन कशाला?

विजापूरवेस
कारण 1947 पर्यंत आखाताचा कारभार ब्रिटिश हिंदुस्थान सरकार बघायचं आणि ते दप्तर लंडनला आहे.

भवानीपेठकट्टा
त्यातलं बरंचसं कतारनं ऑनलाइन टाकलंय. फुकट. घरात बसून वाचा.

सरळमुद्दा
सातासमुद्रापारचे विस्थापित बरे दिसतात तुम्हाला. रझाकारांच्या भीतीनं निजामाच्या मुलखातून सोलापूर-बार्शीकडं आलेले दिसत नाहीत. माझी आजी तुळजापूरकडून बोचक्यात टाक बांधून रातोरात आली. तिच्यावर कोण देतंय फेलोशिप?

बेगमपेठ
आजींबद्दल आदर आहे. पण गोष्ट 13 सप्टेंबर 1948 ला संपत नाही. त्या दिवशी भारताची फौज निजामावर सोलापुरातूनच नळदुर्गकडं गेली. पुढं काय झालं ते भारत सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय. मृतांचा (बहुतेक मुसलमान) अंदाज 27 ते 40 हजार, सगळ्यात जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेडला. अहवाल किती वर्षं दाबून ठेवला ते बघा. माझे आजोबा त्यातनं निसटलेले. भाऊ गेला, शेत गेलं, इथं येऊन दुसऱ्याच्या मागावर विणायला बसले.

सरळमुद्दा
आली बरोबरी लगेच! रझाकारांनी आधी काय केलं ते बोला ना.

बेगमपेठ
रझाकारांनी गावं लुटली, जाळली, माणसं मारली. बोललो. आता तुमची पाळी.

सरळमुद्दा
समितीचा आकडा अंदाजच आहे.

बेगमपेठ
बरं, अंदाज. अर्धा करा. निम्मे तरी मेले म्हणाल का?

सरळमुद्दा
मेले नाहीत असं मी कुठं म्हटलं? शब्द तोंडात घालू नका. तुमच्या आजोबांचं वाईटच झालं. पण माझ्या आजीचं कुणी लिहिलं नाही हे खरंय की नाही?

बेगमपेठ
खरंय. मग लिहा की. बसलाय कशाला इथं टाइप करत?

भवानीपेठकट्टा
विमानतळाच्या आड येणाऱ्या साखर कारखान्याच्या चिमणीनंतर एवढा लांब धागा पहिल्यांदाच. ती निदान पाडली तरी.

होटगीरोडकर
मी एका पोरीच्या फीचं विचारलं, तुम्ही निजामाला उठवून आणलंत. धन्य आहात. ब्रॅडफर्डचं पटलं, चला, अर्धं. पण हप्ता काय ब्रॅडफर्ड भरणार आहे?

दम्मामरिटर्न
कॉलेज चालू असताना तिथं आठवड्याला 20 तास काम करता येतं.

होटगीरोडकर
20 तासांत खोलीचं भाडं निघालं तरी नशीब.

विजापूरवेस
मग तारणाशिवाय कर्ज देणारी बँक ठाऊक असेल तर तिच्या वडिलांना आजच सांगा. तुमच्या मतापेक्षा त्याचा उपयोग होईल.

होटगीरोडकर
सोमवारी घेऊन जातो त्यांना एकीकडं. एम.बी.ए.चं पण विचारणार तिथं, सांगून ठेवतो.