मदत हवी आहे: इंग्रजी 'गेट' (get) शिकवताना 'करवून घेणे' कधी घ्यावं?

नमस्कार मंडळी. मराठी माध्यमाच्या आठवीसाठी 'गेट' या क्रियापदाचा तक्ता करतेय. सुरुवात सोपी आहे. पुढे नाम आलं की मिळणे किंवा आणणे, विशेषण आलं की होणे ('गेट अँग्री'), ठिकाण आलं की पोहोचणे. 'गेट टू पुणे', पण 'गेट होम'. तिथे 'टू' नको, हे मात्र पुन्हा पुन्हा घोटून घ्यावं लागतं.

खरी अडचण 'करवून घेणे'ची. 'मी केस कापून घेतले' याचं मुलं 'आय गॉट कट माय हेअर' करतात. कारण उघड आहे: मराठीत 'कापून घेतले' जोडूनच येतं. इंग्रजीत वस्तू मध्ये बसते आणि तिसरं रूप शेवटी: 'आय गॉट माय हेअर कट'. काम करणारा माणूस सांगायचा असेल तर 'आय गॉट हिम टू कट इट'. 'गेट'ऐवजी 'हॅव' घेतलं की हाच 'टू' गळतो: 'आय हॅड हिम कट इट'. इथे हुशार मुलंही अडखळतात.

त्यात 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर'. रचना तीच, पण बोट कुणाकडून अडकवून घेतलेलं नाही, ते अडकलं. मुद्दाम केलेलं आणि नकळत झालेलं, हा फरक मुलांना कसा दाखवता? आणि 'गॉट हर्ट'सारखी कर्मणी रूपं याच्या आधी घेता की नंतर? माझा कल आधी घेण्याकडे आहे. वर्गात वापरलेली सरावाची वाक्यं असतील तर कृपया इथेच टाका.