अनुभव धागा: तुमच्या मुलांना ॲलिस कशी भेटली?

गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीतली सात-आठ मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे गोष्ट ऐकायला येतात. सध्या ‘ॲलिस इन वंडरलँड’ चालू आहे. मुलं इंग्रजी माध्यमातली, तरी मी मराठीतूनच सांगते. ल्युईस कॅरॉलनेही ही गोष्ट आधी सांगितलीच होती: 4 जुलै 1862 ला, होडीत, तीन बहिणींना. पुस्तक आलं 1865 मध्ये. नाशिककरांनो, तुमच्या घरी ती कुठल्या वयात, कुठल्या भाषेत पोचली? फसलेले प्रयोगही लिहा, त्यांचा उपयोग जास्त.

नाशिकरोडहून एक बाबा
मी पंचवटी एक्सप्रेसचा पासवाला. खिशातलं घड्याळ बघत ‘उशीर झाला, उशीर झाला’ म्हणत पळणारा ससा आला आणि आमचे चिरंजीव अंथरुणात उठून बसले. ‘हे तर बाबा!’ तेव्हा वय सहा. आता मी सकाळी डबा घेऊन जिना उतरायला लागलो की वरून हाक येते, ‘बाबा, बिळात चाललात?’

पंचवटीतली आजी
नात आठ वर्षांची. ॲलिस नऊ फुटांहून उंच होते आणि रडून रडून दिवाणखान्यात तळं करते, तिथे तिने मला थांबवलं. ‘आजी, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं असेल?’ आमच्याकडे गोदावरीचा पूर नदीकाठच्या त्याच उंच मूर्तीच्या मापाने मोजतात, गुडघ्याला लागला, कमरेला लागला. मी म्हटलं, अगं, चारच इंच खोल होतं. ‘मग त्यात ती हनुवटीपर्यंत कशी बुडाली?’ मी उत्तर देणार होते, पण जीभ आवरली. ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथे चौकटीवर दर वाढदिवसाला तिच्या उंचीची पेन्सिलीची रेघ मारतो. सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, ‘पाणी नाही वाढलं, तीच एवढुशी झाली!’ मग नऊ फूट कुठे येतात ते बघायला टेप काढली. माळ्याच्याही वर गेली. त्या रात्री गोष्ट पुढे सरकली नाही, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

सिडकोतून
आमचा प्रयोग फसला. प्रदर्शनातून गुळगुळीत कागदाची संक्षिप्त आवृत्ती आणली. चहापार्टी गाळलेली, कोडी गाळलेली, आणि शेवटी चौकटीत तात्पर्य! प्रत्येक गोष्टीतून तात्पर्य काढणारी सरदारीणबाई याच पुस्तकात आहे आणि कॅरॉलने तिची चांगली फिरकी घेतली आहे. त्याच पुस्तकाचं हे करावं? मुलीने दहा मिनिटांत वाचून कपाटात ठेवलं, पुन्हा हात लावला नाही. राग अजून गेलेला नाही.

सिडकोच्या ताईंना, एका शिक्षिकेकडून
ताई, सोडू नका. पूर्ण पुस्तकात बाराच प्रकरणं आहेत, रोज एक मोठ्याने वाचा. कविता मात्र अडतात. त्या काळच्या मुलांना घोकाव्या लागणाऱ्या उपदेशपर कवितांची ती विडंबनं. मूळच माहीत नाही तर आमच्या मुलांना हसू कुठून येणार? म्हणून मी आधी वर्गाकडून पावसाचं पाठ असलेलं बडबडगीत म्हणून घेते आणि म्हणते, आता हे चुकीचं म्हणा. पाऊस कढईत पडतो, पैसा पळून जातो, मागच्या बाकावरचा एरवी गप्प असणारा मुलगा चार ओळी रचतो. त्यानंतर ॲलिसच्या तोंडची उलटीपालटी कविता वाचली की वर्ग खिदळतो.

जुने नाशिक, वय 68
मला ती जाई म्हणून भेटली, भा. रा. भागवतांच्या ‘जाईची नवलकहाणी’त. जाई आपल्या गल्लीतलीच वाटायची. परकी गोष्ट आहे हे कळलं तेव्हा मी कॉलेजात होतो.

पुन्हा मी
आजी, तुमची पेन्सिलीची रेघ मी उचलते आहे. येत्या रविवारी चहापार्टी. तिथे कायम सहाच वाजलेले असतात, त्यामुळे मुलांना सांगितलंय, घड्याळं घरी ठेवून या आणि आपापली कपबशी आणा.