मदत हवी आहे: टायपिंगच्या दुकानातून लॉ कॉलेजला जावं का?

अबोली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. वय २४. मराठी विषय घेऊन बी.ए. झाले, ५८ टक्के. गेली तीन वर्षं कोर्टाच्या फाटकासमोरच्या एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात काम करते. दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, मुखत्यारपत्रं, भाडेकरार असं सगळं टाइप करते. पगार ९,००० रुपये. तीन वर्षांचं एलएलबी करावं का, हे वर्षभर डोक्यात घोळतंय. यंदा सीईटीचा फॉर्म भरायचा की नाही ते आता ठरवायलाच हवं.

हे डोक्यात कसं शिरलं ते सांगते. २०२३ मध्ये वाटपाचा एक दावा टाइप करायला आला होता. वादी म्हणजे साठीच्या एक मावशी. वडिलांच्या जमिनीत भावांनी बहिणींना काहीच दिलेलं नव्हतं. वकील साहेब मजकूर सांगून कोर्टात गेले आणि मावशी दुकानातल्या स्टुलावर बसून राहिल्या. वंशावळ टाइप करताना मी सहज विचारलं, मावशी, तुम्ही बहिणी किती? त्या म्हणाल्या, "पाच गं. थोरली देवाघरी गेली." माझ्यासमोरच्या कागदावर चारच नावं होती. थोरलीला दोन मुलं आहेत, मुंबईला असतात, हेही त्यांनीच सांगितलं. मग मी खाली वारसांचा रकाना बघितला, वादी-प्रतिवादींची नावं पुन्हा वाचली, त्या मुलांचा कुठेच पत्ता नव्हता. साहेब परत आल्यावर मी भीत भीत म्हटलं, की पाचव्या बहिणीचं राहिलंय बहुतेक. त्यांनी कागद हातात घेतला, मावशींना दोन प्रश्न विचारले आणि तिथेच उभ्या उभ्या त्या दोन मुलांना प्रतिवादी क्रमांक ६ आणि ७ केलं. जाताना मला म्हणाले, "तू एलएलबी का करत नाहीस?"

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही. त्याच दाव्यामुळे आणखी एक गोष्ट घडली. मावशींचे वडील २००५ च्या आधीच वारले होते. त्यांना आधी कुणीतरी सांगितलं होतं, की हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात नव्हते म्हणजे मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत हक्क नाही. हे वकील साहेब म्हणाले, तसं आता राहिलेलं नाही, सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात सांगितलंय, की मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील त्या तारखेला जिवंत असण्याची गरज नाही. मी घरी जाऊन तो निकाल मोबाईलवर उघडला. इंग्रजी आणि भलामोठा. शब्दकोश शेजारी ठेवून तीन रात्री वाचत होते. निम्माच कळला असेल, पण जेवढा कळला तेवढा मला कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त धरून ठेवणारा वाटला.

आता अडचणी. वडील साखर कारखान्यात आहेत, निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. त्यांचा हिशोब सरळ आहे. तीन वर्षं कॉलेज म्हणजे २७. मला न्यायाधीशाच्या परीक्षेची ओढ आहे हे त्यांना माहीत आहे, पण २० मे २०२५ च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. म्हणजे ३०. "तीन वर्षं फी भरायची, तीन वर्षं फुकट राबायचं आणि मग परीक्षा. पास नाही झालीस तर?" याला माझ्याकडे उत्तर नाही. दादा पुण्यात नोकरीला आहे, तो म्हणतो, तेवढ्या वेळात सरळसेवेच्या परीक्षा दे. स्थळंही बघणं चालू आहे. माझे साठवलेले ६२,००० रुपये आहेत, बाकी काही नाही.

आणि माझी स्वतःची भीती वेगळीच आहे. मला कायदा खरंच आवडतो, की मला फक्त कोर्टाच्या आवाराची सवय झाली आहे? तीन वर्षं दुसऱ्यांचे युक्तिवाद टाइप करून आपल्यालाही ते येतं असं वाटायला लागलंय का? इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही. घरात किंवा नात्यात कुणी वकील नाही.

ज्यांनी हा रस्ता चालून पाहिलाय त्यांनी स्पष्ट सांगा. गोड बोलू नका.


काळा कोट

ताई, जिल्हा न्यायालयात १४ वर्षं वकिली करतो आहे. जमेल तेवढं खरं लिहितो.

आधी त्या पाचव्या बहिणीबद्दल. वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार आवश्यक पक्षकार असतात. एक जरी सुटला तरी समोरचा वकील पहिल्याच कैफियतीत हरकत घेतो, आणि लक्षात यायला उशीर झाला तर मावशींची पाच-सहा वर्षं पाण्यात जातात. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर १, नियम ९ आणि १० काढून वाचा. तुम्ही जे केलंत ते तिथे लिहिलेलं सापडेल. माझ्याकडे आलेल्या कितीतरी ज्युनिअरना सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावरही वंशावळ विचारायचं सुचत नाही.

पण म्हणून लगेच 'करा' म्हणणार नाही. टायपिंगच्या टेबलावरून वकिलीचा कागद दिसतो, वकिली दिसत नाही. वकिली म्हणजे उभं राहणं. समोरचा साक्षीदार खोटं बोलतोय हे तुम्हाला माहीत आहे, कोर्ट घाईत आहे, बोर्डावर अजून ७० कामं आहेत, आणि तुम्हाला चार प्रश्नांत ते बाहेर काढायचंय. हे तुम्हाला करावंसं वाटतं का? दुकान कोर्टासमोरच आहे ना? मग मालकांकडून रोज तासाभराची सुट्टी मागा आणि दिवाणी न्यायालयात मागच्या बाकावर जाऊन बसा. खुलं न्यायालय असतं, कुणी उठवत नाही. उलटतपास असेल तो दिवस निवडा. आठ-दहा दिवस बसल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल.

पैशाचं आता. पहिल्या वर्षी सीनियरकडून मला महिना १,५०० रुपये मिळायचे, तेही दिवाळीपर्यंत थकायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं, ज्युनिअरला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत म्हणून. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या भागात ते देणारा सीनियर मला अजून भेटलेला नाही. वडिलांचं 'फुकट राबायचं' हे चुकीचं नाही, हे तुम्ही मान्य करूनच पुढे जा.

फक्त ती तीन वर्षं वाया जातात असं नाही. सनद मिळाली की तुम्ही त्याच टेबलावर बसून स्वतःच्या सहीने काम करू शकता. टायपिंग येतं, मसुदा येतो, तालुक्यातले लोक ओळखतात. ज्युनिअर म्हणून तुमची सुरुवात माझ्यापेक्षा नक्की बरी होईल.


निशिगंध

मी बारावीनंतर क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांचा अभ्यासक्रम केला, आता मुंबईत कंपनीच्या कायदा विभागात आहे. अबोलीताईंचा रस्ता वेगळा आहे, त्यामुळे इंग्रजीपुरतंच लिहिते. माझ्या वर्गात उत्तम इंग्रजी बोलणारे खूप होते आणि कलम नीट वाचणारे मोजके. कलमात 'आणि' आहे की 'किंवा', 'राहील' आहे की 'राहू शकेल', इथे खटले फिरतात. ज्या मुलीने शब्दकोश घेऊन विनीता शर्मा वाचला तिला इंग्रजीची भीती बाळगायचं कारण नाही. बोलणं येईल. नाहीच आलं तरी महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी लागतं, आणि तुमच्यासाठी ते आता मुंबईएवढं लांब नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा त्यातच येतं.

न्यायाधीश हा एकच शेवट धरू नका. सहायक सरकारी अभियोक्ता एमपीएससीतून होता येतं. सरकारी बँकांमध्ये विधी अधिकाऱ्याच्या जागा निघतात. वडिलांच्या 'पास नाही झालीस तर' या प्रश्नाचं थोडं तरी उत्तर त्यात आहे.


रानवाट

मी सहा वर्षं कोर्टात उभी राहिले आणि मग थांबले. तुम्ही गोड बोलू नका म्हणालात म्हणून लिहिते.

ज्या कोर्टात मी होते तिथे बार रूममध्ये आम्हा बायकांसाठी एक बाकडं होतं, खिडकीखाली. स्वच्छतागृह एकच, आणि त्याला बऱ्याचदा कुलूप. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत पाणी न पिण्याची सवय मी लावून घेतली होती, पुढे मुतखडा झाला. पक्षकार आत आले की माझ्याकडे बघून विचारायचे, "वकील साहेब कुठायत?" सीनियर चांगले होते, पण पहिली दोन वर्षं माझं काम म्हणजे डायरी आणि 'साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी'. मुलगी झाल्यावर सात महिन्यांनी परत गेले तेव्हा माझ्या फाइली वाटून टाकलेल्या होत्या.

हे लिहिताना आजही त्रास होतो. तरीही सनद टाकून दिली नाही. आता दोन बँकांच्या पॅनेलवर आहे, जमिनीचे सर्च रिपोर्ट करते, तीस वर्षांचे फेरफार उलटून मालकी कुठे तुटली ते शोधते. घरून काम होतं, चार पैसे हातात येतात, आणि मला ते मनापासून आवडतं. तुमच्या पाचव्या बहिणीची गोष्ट वाचून वाटलं, की तुमची नजर या कामाची आहे. कोर्टात उभं राहणं जमलं नाही तर डिग्री फुकट गेली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

एक काम मात्र नक्की करा. सीनियर निवडताना त्यांच्या ऑफिसात आधी काम केलेल्या मुलींशी बोला. साहेबांचं नाव किती मोठं आहे ते नंतर.


काळा कोट

रानवाट ताईंचं प्रत्येक वाक्य खरं आहे. आमच्या इथेही फार वेगळं चित्र नाही, आणि बार असोसिएशनच्या बैठकीत हे विषय पार्किंगच्या नंतर येतात याची मला लाज वाटते.

प्रवेशाचं राहिलं होतं. पदवीला खुल्या गटात ४५ टक्के लागतात, तुम्ही बसता. वयाची अडचण नाही. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. फीचं म्हणाल तर कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तुम्ही ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसमध्ये येत असाल, तर २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफीची योजना आहे. प्रवेश कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ती नाही. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन आपल्याला लागू होते का ते विचारा आणि दाखल्यांची कामं आत्ताच सुरू करा, ऐन वेळी तहसीलमध्ये रांग असते.

आणि नोकरी सांभाळून, नुसतं परीक्षेला जाऊन एलएलबी होतं असं कुणी सांगितलं तर त्या वाटेला जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमात ७० टक्के हजेरी आहे, आणि पत्राने केलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही. पुढे सनदीचा खर्चही पूर्वीसारखा नाही. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की नोंदणीला खुल्या गटाकडून ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. त्याआधी राज्याराज्यांत हजारोंनी घेत होते. त्यानंतर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा आहेच, पण तिथे टिपणं नसलेली कायद्याची पुस्तकं (बेअर ॲक्ट) नेता येतात, तिची धास्ती घेऊ नका.


अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काळा कोट दादांनी सांगितलं ते करत होते. मालकांनी दुपारी एक तास दिला. नऊ दिवस जाऊन बसले.

पहिले दोन दिवस नुसत्या तारखा. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला होता हे कबूल करते. चौथ्या दिवशी एक उलटतपास झाला, बांधावरच्या झाडांचा. वकील बाईंनी साक्षीदाराला विचारलं, झाड कुणी लावलं? म्हणाला, मी. कधी? म्हणाला, वीस वर्षं झाली. मग शांतपणे विचारलं, तुमचं वय काय? पंचवीस. मी मागच्या बाकावर बसून नकळत वहीत पुढचा प्रश्न लिहून ठेवला होता. बाईंनी तो विचारला नाही, त्या खाली बसल्या. मला रात्री जेवताना कळलं की का बसल्या. पुढचा प्रश्न विचारला असता तर त्याला सारवासारव करायची संधी मिळाली असती. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं, आणि मग झोपच लागली नाही.

रानवाट ताई, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, पाण्याची बाटली घेऊन जायची आणि प्यायचं, कुलपाची किल्ली मागायची, रोज मागायची. वडिलांना मी सर्च रिपोर्टचं आणि फी माफीचं सांगितलं. ते हो म्हणाले नाहीत, पण उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय लागतं ते मात्र त्यांनी विचारलं.

आणि नवव्या दिवशी बोर्डावर मावशींचाच दावा होता. मला माहीतही नव्हतं. त्या पिंजऱ्यात उभ्या होत्या, पदर घट्ट धरून. भावांच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही बहिणी किती?" मावशी म्हणाल्या, "पाच." त्यांनी फाइल चाळली, वंशावळीवर बोट ठेवलं, क्षणभर थांबले आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळले.

फॉर्म काल रात्री भरला. शनिवारी साताऱ्याला लॉ कॉलेज बघायला चालले आहे, आई बरोबर येतेय. कॅपच्या फेरीत कॉलेजांचा क्रम लावताना सातारा आधी टाकू की कोल्हापूर? साताऱ्याला एसटीने रोज जाऊन-येऊन करता येईल. कोल्हापूरला खोली घ्यावी लागेल, पण तिथे सर्किट बेंच आहे. कुणी दोन्हीकडे शिकलेलं असेल तर सांगा.